माईकवर सोडलेली खोली

आमच्याकडं माणूस गेलं की तिसऱ्या दिशी राख सावडायला सगळं गाव येतं, सगळे पाव्हणे येतेत. राख सावडून झाली तरी लगेच कुणी उठत न्हाई. तिथंच बाभळीच्या सावलीला बसतेत आन् मग भाषणं व्हतेत. गेलेलं माणूस किती चांगलं व्हतं हे त्याच्या घरच्यांलाबी त्याच दिशी कळतं. सगळ्यात शेवटी घरातलं कुणीतरी उठतं आन् दान सोडतं. मारुतीच्या देवळाला इतके, सप्त्याला इतके, शाळेला इतके. हे सगळं माईकवर. आन् तो माईक माझा.

चाकूर तालुक्यातल्या एका बारक्या गावात माझा मंडप आन् साऊंडचा धंदा हाय. लग्न, बारसं, सप्ता, झेंडावंदन, मयत, सगळीकडं मी. मयतीचं भाडं मी घेत न्हाई. लोकांला वाटतं, किती पुण्यवान माणूस. पुण्य-बिण्य काही न्हाई. एकदा एकाला त्याच्या बापाच्या मयतीचं भाडं मागितलं, तर म्हणला, "थांब जरा, म्हातारीचंबी जवळ आलंय, दोन्हीचं संगंच देतो." तवापासून मागायचंच सोडून दिलं. म्हातारी अजून हाय. मला भेटली की हसती.

माईकवर सोडलेलं दान म्हणजे पाखरू सोडल्यावाणी. सोडलं की गेलं. देवळाचे पंच मागायला जात न्हाईत, शाळेचे गुर्जी मागायला जात न्हाईत, कारण दुखातल्या माणसाला पैसे कसे मागावं. आन् दुखातलं माणूस मग लई वर्सं दुखातच राहतं. हे सगळं मी इतक्या जवळून बघितलं की त्याची मी नक्कलच बसवली. हाटेलात चार माणसं जमली की म्हणायची, "हां, सोड रे दान." मग मी उठायचो. खाकरायचो. छातीवर हात ठेवायचो. गळा भरून आणायचो. "माझ्या पूज्य वडलांच्या नावानं... मारुतीला... चांदीचा कळस." बापाला जितेपणी चष्मा घेऊन न दिलेला माणूस कसा कळस सोडतो, ते मी अगदी हुबेहूब करायचो. लोकांच्या नाकातून चहा यायचा.

एकटी माझी बायको हसायची न्हाई. "मेलेल्याच्या दारातलं हसायला नेऊ नगा," म्हणायची. मी म्हणायचो, मग जित्याच्या दारात काय हसण्यासारखं हाय? आपलंच घर बघ. त्यावर मात्र हसायची, तोंडात पदर घालून, चुलीकडं तोंड करून. मला दाखवायची न्हाई. मी बायकोला हसवलं हे मला पाठीवरून वळखावं लागायचं.

ती माझ्या मामाची लेक. मामी लवकर गेली म्हणून पोरगी लहानपणापासून आमच्याच घरी. आमच्या भागात मामाची लेक घरात वाढायली म्हणल्यावर पुढचं सांगायला जोशी लागत न्हाई. शाळेतबी आमी संगंच. शाळा चौथीपर्यंत, खोली एक, गुर्जी एक. चार वर्ग चार भितीला तोंडं करून बसायचे. मी तिसरीच्या भितीला तोंड करून बसलो ते बसलोच. शेवटी भिंत कंटाळली, मी न्हाई. ती माझ्या मागून आली आन् माझ्या पुढून निघून गेली.

गुर्जीचा आवाज तंबाखूनं बसलेला. म्हणून हाजरी घ्यायचं काम तिच्याकडं. आवाज असा खणखणीत की माळावरच्या तांड्यावर ऐकू जावं. ती एकेकाचं नाव घ्यायची, पोरं "हाजिर" म्हणायची. माझं नाव आलं की मी वर्गात नसायचो. खोलीच्या मागं लिंबाखाली बसलेला असायचो. ती एकदा नाव घ्यायची. मी गप. दुसऱ्यांदा घ्यायची. गप. तिसऱ्यांदा मग बापाच्या नावासगट, आडनावासगट असं वरडायची की लिंबावरचे कावळे उडायचे. तवा मी दारात जाऊन सलाम ठोकायचो, "हाजिर!" पोरं हसायची, ती खडू फेकून मारायची. गावाला अजून वाटतं की मी शाळेत उशिरा यायचो. मी सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असायचो.

लग्न झालं आन् ते नाव बंद पडलं. उखाण्यात घेतलं म्हणा. पण तेबी काय, महादेव-पार्वती-बेलपान सगळं मोठ्यानं म्हणली आन् नावापाशी येऊन अशी पुटपुटली की बायका म्हणल्या, कुणाचं घेतलंस गं? त्यानंतर "अवं". मग "ऐकायलाव का". मग पोरगा झाला, तवापासून "ह्याचे दादा". आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, त्यात नवीन काय? दुसऱ्या कुणाला सलत नसंल. मला सलायचं, कारण मी ते ऐकलेलं व्हतं.

गेल्या साली तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्याला दोन खेपा लातूर. तिथं मशीनवर रक्त धुतेत. पहिल्या दिशी सिस्टर कागद घेऊन आली. "मावशी, नवऱ्याचं नाव सांगा."

ती माझ्याकडं बोट करून म्हणली, "ते काय तिथं उभं हायत. त्येन्लाच इचारा."

"त्यांना माहीत आहे हो त्यांचं नाव. तुम्ही शुद्धीवर आहात का ते बघायचंय मला."

"शुद्धीवर हाय म्हणूनच घेईना की बाई."

सिस्टर हसत हसत गेली. मी तिच्या कॉटाला टेकून बसलो. हाताला नळ्या, तोंड सुजलेलं. मी म्हणलं, "घे की एकदा. हितं कोण ऐकायलंय? सगळे आपापल्या मशीनला लटकलेत."

"शाळंत लई घेतलंय," ती म्हणली. "तितकं पुरं."

"मला न्हाई पुरलं. परत तिसरीत नाव घालू का माझं?"

ती हसली. हसताना खोकला लागला, नळी हलली, मशीन वाजायलं. सिस्टरनं मला भाईर काढलं. आख्ख्या दवाखान्यात पेशंटला हसवलं म्हणून हाकललेला मी एकटाच असंल.

दिवाळीच्या आधी ती गेली.

राख सावडायच्या दिशी मंडळी म्हणली, आजच्या दिवस तू बस, माईक दुसरं कुणी लावंल. मी म्हणलं, दुसऱ्याला माझ्या वायरी कळायच्या न्हाईत. खरं म्हणजे बसून काय करावं, ते मला कळत नव्हतं. म्हणून बायकोच्या राखेपाशी मीच बांबू रोवला, मीच भोंगा बांधला, आन् खाली येऊन बसलो. सरपंच बोलले. दोन पाव्हणे बोलले. एक जण तिच्या हातच्या धपाट्याबद्दल इतकं बोलला की मला वाटलं आता जेवायलाच बसतो. ठरलं असं व्हतं की शेवटी पोरगा उठंल, देवळाला थोडे आन् शाळेला थोडे सोडंल. पोरगा उठला, माईक हातात घेतला, आन् त्याच्या तोंडातून शब्दच फुटंना. मी उठून त्याच्या हातातला माईक घेतला.

आन् सवयीनं काय केलं असंल? फुंकर मारली. "हॅलो. हॅलो. चेक."

बायकोच्या राखेपुढं.

मला तिथंच मेल्यासारखं झालं. सावरायला गेलो तर गळा दाटला. खाकरलो. छातीत खरंच कळ आली म्हणून छातीवर हात ठेवला. आन् ठरलेलं काही आठवंना. एकच आठवायलं, "शाळंत लई घेतलंय." मी म्हणलं, "हिच्या नावानं... आपल्या शाळेला... एक खोली बांधून देतो."

 मग मागच्या बाजूला कुणाच्या तरी नाकातून आवाज आला. त्याच्या शेजारच्यानं उपरणं तोंडात कोंबलं. मग त्याच्या शेजारचा. मिरचीचा धूर पसरावा तसं हसू पुढपर्यंत आलं. लोक मान खाली घालून हसायले, खांदे हलायले. सरपंचांनी डोळ्यातलं पाणी पुसलं, ते कशानं आलतं ते त्यांनाच माहीत.

हसलेल्याचा दोष न्हाई. खाकरायचं, छातीवर हात ठेवायचा, गळा भरून आणायचा, हे दिसलं की हसायचं असतं, हे इतकी वर्सं मीच शिकवलं त्यांना. माझ्या खऱ्या रडण्यात आन् खोट्या रडण्यात काडीचा फरक नव्हता. नक्कल इतकी चांगली व्हती.

आन् मी काय केलं? मीबी हसलो. चार लोक हसायले की मलाबी हसू येतं, तसं आलं.

तेराव्याचं झालं. पाव्हणे गेले. मला वाटलं, आता शाळेच्या मॅडम येतील खोलीचं इचारायला. न्हाई आल्या. सरपंच भेटले, तेन्ला मी मुद्दाम शाळेचा इषय काढला, तर ते म्हणले, "हाव रे, मजबूत बोलला व्हतास," आन् पाठीवर थाप मारून गेले. हाटेलात गेलो, तर चहा देता देता हाटेलवाला म्हणला, "दुसरा कुणी असता तर त्या दिशी रडला असता. तू मात्र वहिनीला हसत लावून दिलं. जिगर लागती." आता ह्याला काय सांगावं? इतके लोक दान सोडून चुकवतेत, मी द्यायला बसलो तर घ्यायलाच कुणी येईना.

पोरगा लातूरला क्लासच्या पोरांची मेस चालवतो. तो एका इतवारी आला. मी त्याच्यापुढं इषय काढला. मिस्त्रीला इचारलं व्हतं मी. मिस्त्रीनं खोलीचा आकडा सांगितला तवा मी त्याच्या ओट्यावर बसूनच घेतलं व्हतं. चाकूरला स्टँडच्या मागं एक प्लॉट हाय आमचा. तो इकला तर खोली व्हती, न्हाई तर न्हाई.

पोरगा म्हणला, "दादा, इमानदारीनं सांगा. ती गंमत नव्हती?"

"तुझ्या मायच्या राखेपुढं गंमत करंन व्हय रे मी?"

"करता तुमी," तो म्हणला. रागानं न्हाई. साधंच म्हणला.

मग म्हणला, "कुणी मनावर घेतलं न्हाई, हे बरंच झालं. प्लॉटवर कर्ज काढून मला मेस मोठी करायची व्हती. आईला सांगितलं व्हतं मी. द्यायचंच हाय तर पंखे देऊ दोन. पंख्याच्या पात्यावर नाव लिहितेत आजकाल."

"पंखा फिराय लागला की नाव दिसतं व्हय?"

"मग बंद ठिवायला सांगू."

ह्याला म्हणावं माझी अवलाद. दोघंबी हसलो. मग तो आत गेला आन् मायच्या पेटीपाशी बसून किती तरी वेळ भाईर आला न्हाई.

खरं सांगायचं तर शाळेला द्यायचा मला हक्क तरी हाय का, हीच मला शंका. दोन वर्साखाली माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला आमच्या शाळेत. पुण्याचे इंजिनेर आले, नांदेडचे डॉक्टर आले. त्यांनी वर्गणी करून दारात कमान बांधली. कमान इतकी मोठी की शाळा तिच्या मागं संडासावाणी दिसती. मंडप माझा, माईक माझा. सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी स्टेजवर यावं म्हणून पुकारा झाला, मी मशीनपाशी उभा. ही बायांत बसलेली. तिनं तिथून खुणावलं, जावा की वर. मी नको म्हणून मान हलवली. घरी आल्यावर म्हणली, "कामून गेला न्हाईत? आपुन बी ह्याच शाळंतले हावत की." मी म्हणलं, "तिसरी नापास माणूस वर गेला तर स्टेज मोडंल. आन् मोडलं तर नुकसान आपलंच, स्टेज आपलं हाय." ती त्या दिशी चुलीकडं तोंड करूनबी हसली न्हाई.

म्हणून मी एका सकाळी धुतलेला सदरा घालून शाळेत गेलो. मॅडम देगलूरकडच्या, बोलण्यात तेलगूचा हेल. पोरांची खिचडी चाललेली. मला बघून म्हणल्या, "या मामा. सव्वीस जानेवारीचं आत्ताच ठरवायला आलात का? अजून लई वेळ हाय."

"न्हाई मॅडम. खोलीचं बोलायला आलो."

"कोणती खोली?"

"मी सोडलेली."

त्या हसल्या. "काय मामा तुम्ही पण. मला सांगितलं व्हतं लोकांनी. तुमची कमालच हाय, अशा वेळेला सुद्धा..." आन् मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं कुणास ठाऊक. हातातला डाव खाली ठेवला आन् म्हणल्या, "अय्यो. खरंच म्हणला व्हतात व्हय?"

मला एकदम इतकं बरं वाटलं की रडूच आलं. माणसाला कुणी खरं धरलं तर असं व्हतं, हे मला माहीत नव्हतं. पोरं खिचडी खाता खाता बघायली. एकानं इचारलं, "मॅडम, मंडपवाले कामून रडायलेत?" मॅडम म्हणल्या, "तिखट लागलंय त्यांला." मी खिचडी खाल्लीबी नव्हती.

मग त्यांनी मला शाळा दाखवली. खोल्या तीन. दोन नव्या, सरकारनं बांधलेल्या. त्यातली एक कुलूप लावून बंद, आत मोडके बाक आन् पारव्यांची घाण. "पोरंच न्हाईत मामा. एका खोलीत सगळी शाळा मावती. तुम्ही चौथी खोली बांधून दिली तर त्यात मी काय ठेवू?"

"आन् ती जुनी?"

जुनी म्हणजे आमची. दगड-मातीची, पत्र्याची, चार भितीची. मागं लिंब.

"ती पाडायचा हुकूम आलाय. धोकादायक म्हणून लिहिलंय. पोरांना तिच्या सावलीला सुद्धा बसू देऊ नका म्हणलेत."

"दुरुस्तीला किती लागतील? मी देतो."

"नाही चालत मामा. कागद झालाय. तुम्ही सोन्याची केली तरी पाडावी लागंल."

मी मागं जाऊन लिंबाखाली उभा राहिलो. भितीला हात लावून बघितला. पोपडा निघून हातात आला. मला वाटलं, आपण किती शहाणे बघा. जी खोली पायजे ती राहत न्हाई, आन् जी द्यायला निघालोय ती कुणाला नको. त्यातून ही अक्कल यायला आपल्याला बायको घालवावी लागली.

मॅडम मागून आल्या. "मामा, एक इचारू? खोली नको. पण शाळा वाचवायची असंल तर पोरं आणून द्या मला. तांड्यावरची बारकी पोरं येत न्हाईत. मधी मोठा रोड झाला ना. गाड्या कशा जातेत बघितलं तुम्ही? आया म्हणतेत, शाळा गेली खड्ड्यात, लेकरू राहू द्या जितं. रिक्षा लावली तर येतील. पण रिक्षाला पैसे कोण देणार? सरकारला अर्ज लिहून लिहून बोटं झिजली माझी."

"रिक्षावर नाव टाकता येतं का?" मी इचारलं. मला नाव कुठं तरी पायजे व्हतं ना.

"टाका की."

रिक्षावाल्याला इचारलं. तो म्हणला, मागं लेकीचं नाव हाय, पुढं मारुतीचं, आतून दोन्ही पोरांचं, आन् टपावर कर्ज दिलेल्याचं. जागाच न्हाई. "तुमी म्हणत असाल तर चाकाच्या वर थोडी हाय. पण चिखल उडतो." मी म्हणलं, राहू दे.

ती रात्र न् दुसरा दिवस मी इचार करण्यात घालवला. म्हणजे इचार करायची मला सवय न्हाई, म्हणून नुसता घरातून अंगणात आन् अंगणातून घरात करत राहिलो. खोली दिली असती तर एकदाच प्लॉट गेला असता, पण भितीवर तिचं नाव राहिलं असतं, आन् तिच्या नावाला लागून माझं. रिक्षा म्हणजे दर महिन्याला खिशाला हात, आन् नाव कुठंच न्हाई. शेवटी मॅडमला जाऊन सांगितलं, "मंडप उभे करायची ताकद हाय तवर रिक्षाचं मी बघतो. त्याच्या पुढचं पोरगं बघितलं तर बघंल, मी त्याच्या वतीनं सोडत न्हाई. पण एक हाय. हे गावात सांगू नका."

"का हो? चांगलं काम लपवायचं कशाला?"

"लोकं हसतेल मॅडम."

"याच्यात हसण्यासारखं काय हाय?"

"माझ्यात हाय."

पोराला फोन केला. तो म्हणला, "बरं झालं दादा, स्वस्तात भागलं. प्लॉट वाचला." मी म्हणलं, हाव. त्याचंबी चूक न्हाई. त्याला त्याच्या मायच्या नावाचं काय करावं हे मलाच सांगता आलं न्हाई, तर त्याला काय कळणार.

रिक्षा सुरू झाली त्या दिशी मी संगं गेलो तांड्यावर, बायांची खात्री पटावी म्हणून. एक बाई लेकराचं नाक पुसता पुसता म्हणली, "पैसं कोण देतंय ह्याचं?"

"सरकार," मी म्हणलं.

"मग दोन महिन्यात बंद पडंल," ती म्हणली, आन् लेकराला रिक्षात बसवून दिलं.

जुनी खोली पाडायला जेसीबी यायचा व्हता त्या आठवड्यात मी बिलोलीकडची लग्नाची ऑर्डर धरली. इतक्या लांबची मी कधी धरत न्हाई, डिझेलातच सगळं जातं. परत आलो तवा शाळेमागं नुसतं ढेकळांचं मैदान. लिंब तेवढा ठेवला व्हता, एका बाजूनं साल निघालेला. मी तिथं थांबलो न्हाई. टेंपो तसाच पुढं काढला.

हाटेलात आता माझीच नक्कल चालती. एक पोरसवदा गडी खाकरतो, छातीवर हात ठेवतो आन् म्हणतो, "हॅलो, हॅलो, चेक... एक खोली!" मी गेलो की जरा दबतो, मग मीच म्हणतो, कर रे, कर. परवा एकानं इचारलं, "काय मंडपवाले, खोली कुठवर आली?" मी म्हणलं, "पाया खंदला तर पाणी लागलं. आता हीर बांधून देतो." चहा परत नाकातून. दान सोडून चुकवणाऱ्यांत माझं नाव आता पक्कं झालं. मयतीला माईक लावायला गेलो की घरचे दान सोडताना एकदा माझ्याकडं बघतेत.

सव्वीस जानेवारीला दर साली शाळेचा माईक माझाच, फुकट. औंदाबी लावला. थंडी लई व्हती. तांड्यावरची पोरं पुढं बसली व्हती, तेल लावून, केस चापून. सरपंचांनी झेंडा वर केला. भाषणं झाली. शेवटी मॅडम उठल्या. मी मशीनपाशी, त्यांच्यापास्नं चार हातावर. त्या म्हणल्या, "आज मला एका माजी विद्यार्थ्याचे आभार मानायचेत. त्यांनी आपल्या पत्नीच्या, म्हणजे आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनीच्या..."

मी तेन्ला नको म्हणलं व्हतं. त्यांनी ऐकलं न्हाई. त्यांच्या मनात चांगलंच व्हतं.

मी समोर बघितलं. हाटेलातली सगळी मंडळी कमानीखाली उभी. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. तिसऱ्यानं उपरणं वर घेतलं, तोंडापाशी. तयारीत. माझ्यावर हसले असते तर हसू दिलं असतं, तो माझा धंदाच हाय. पण आता तिचं नाव यायलं व्हतं. एकदा हसलेत ते तिच्या राखेपाशी. आणखी एकदा मला झेपलं नसतं.

माझा हात बटनावर गेला आन् मी आवाज बंद केला.

मॅडमचे ओठ हलायले, आवाज काही न्हाई. मागून वरडा झाला, "ए मंडपवाल्या! झोपला का रे?" "फुकटचा माईक असाच असतो!" "खोलीत ठेवून आला काय आवाज?" सगळी शाळा हसायली, पुढची पोरं सुद्धा, त्यांला काही कळत नव्हतं तरी. मी वाकून वायरी हलवल्या, मशीनच्या मागं गेलो, पुढं आलो, डोकं खाजवलं. जितकं गबाळं दिसता येईल तितकं दिसलो. मॅडमचं बोलून व्हत आलंय असं वाटल्यावर हळूच आवाज वाढवला. भोंग्यातून एकच शब्द भाईर पडला.

"...धन्यवाद."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाच्या, ते कुणालाच माहीत न्हाई.

पोरांला गोळ्या वाटून झाल्यावर मॅडम माझ्यापाशी आल्या. डोळे भरलेले, रागबी आलेला. "मामा, मुद्दाम केलंत ना?"

"मशीन जुनं झालंय मॅडम," मी म्हणलं.

 रिक्षा आली, पोरं एकमेकांच्या मांडीवर बसून तांड्याकडं निघून गेली. मी वायरी गुंडाळायला बसलो. नीट बसंनात, दोन-दोनदा गुंडाळाव्या लागल्या. थंडी व्हती म्हणा.